बाबांच्या कॉम्प्युटरवर सारख्या व्हायरसच्या पाट्या येताहेत, काय करू?

कृष्णाकाठची | रविवार, ११ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बाबा सांगलीजवळ राहतात, मी पुण्यात. बाबांचं वय ७६, निवृत्त शिक्षक. गेली चार वर्षं रोज सकाळी पूजा आटोपली की ते कॉम्प्युटरसमोर बसतात आणि नोकरीतल्या आठवणी टंकतात. १९७३ साली एकशिक्षकी शाळेवर रुजू झाले तिथून सुरुवात केली, आता २००५ च्या पुरापर्यंत आलेत.

तीन आठवड्यांपासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली सारख्या पाट्या येतात. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले', 'संरक्षण संपले आहे, लगेच नूतनीकरण करा', मध्येच कुठल्यातरी बाईचा फोटो. बाबा इतके घाबरलेत की गेले आठ दिवस मशीनवर पंचा टाकून ठेवलाय. गावातले दुरुस्तीवाले येऊन गेले, म्हणाले फॉर्मॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल, नाहीतर नवीन घ्या, विंडोज १० तसंही बंद झालंय. धाकटा भाऊ म्हणतो, बाबांना टॅब घेऊन देऊ, कटकट मिटेल.

मशीन २०१६ चं. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. काल फोनवर बाबा म्हणाले, "मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार. राहू दे आता." ते 'राहू दे' ऐकल्यापासून मला चैन नाही. मला यातलं फार कळत नाही. शनिवारी तिकडे जाणार आहे, तोवर काय करता येईल ते सांगा.

टेकडीवरचा | ९:४१

ताई, फॉर्मॅट मारू देऊ नका. आधी एक काम करा. पाटी आली की तिच्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बाबांना वाचायला सांगा. मोठा मजकूर नको, त्याच्याखालची किंवा वरची बारीक ओळ.

मधुमालती | ९:५५

माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. मी महिनाभर मशीन लावलंच नाही. वाचतेय.

कृष्णाकाठची | १०:३०

लगेच फोन केला. बाबांनी पंचा काढला, चष्मा लावला, मशीन सुरू व्हायला सहा मिनिटं लागली. पाटी आल्यावर त्यांनी शुद्धलेखन घालावं तसं एकेक अक्षर वाचलं: "गूगल क्रोम, मग मध्ये एक टिंब, मग काहीतरी विचित्र नाव, डॉट कॉम."

टेकडीवरचा | ११:०२

मग बहुतेक हा व्हायरस नाहीच. शांत झोपा, आणि बाबांनाही आत्ताच फोन करून सांगा, म्हणजे तेही झोपतील.

झालंय ते असं. बातम्यांच्या साइटला नवीन बातमीची सूचना पाठवता यावी म्हणून ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या इंटरनेट बघायच्या प्रोग्राममध्ये, एक सोय असते. साइट विचारते, 'सूचना पाठवू का?' आपण 'अलाउ' दाबलं की ती साइट बंद असतानाही सूचना येत राहतात. ही सोय लबाड साइट वापरतात. त्या सरळ विचारत नाहीत. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा', 'व्हिडिओ पाहण्यासाठी अलाउ दाबा' असं लिहितात. प्रामाणिक माणूस दाबतोच. मग कोपऱ्यात येतात त्या खऱ्या अर्थाने जाहिराती, फक्त इशाऱ्याचा वेश घातलेल्या. पाटीतली बारीक ओळ म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता.

इलाज पाच मिनिटांचा. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं आहेत. तिथून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. प्रत्येक नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ब्लॉक' करा. 'रिमूव्ह' केलं तर ती साइट पुढच्या वेळी पुन्हा विचारू शकते, म्हणून ब्लॉकच. त्याच पानावर वर, कुठल्याच साइटला सूचना पाठवू देऊ नका असा पर्याय आहे, तोही निवडून टाका. एज हा विंडोजमधला दुसरा ब्राउझर वापरत असतील तर तिथेही बघा, दोघांच्या याद्या वेगळ्या असतात.

आणि त्या पाटीवर क्लिक करायचं नाही, कितीही लाल असली तरी.

सोलापुरी_बाराबंदी | सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ११:१५

टेकडीवरचा यांच्याशी अर्धाच सहमत. माझं दुरुस्तीचं दुकान आहे, १५ वर्षं झाली. पाट्यांचं म्हणणं बरोबर. पण असल्या पाट्या येणाऱ्या दहा मशीनपैकी दोन-तीनमध्ये तरी पाटीवर क्लिक करून कुणीतरी काहीतरी उतरवून घेतलेलं असतं. नको ती एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), ब्राउझरचं शोध-पान बदलणारी सॉफ्टवेअर. वरवर पाट्या बंद केल्या आणि आत ते राहिलं तर? १० वर्षांचं मशीन आहे, स्वच्छ फॉर्मॅट मारून नव्याने विंडोज टाकणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. गावातला माणूस अगदीच चुकीचं सांगत नव्हता.

टेकडीवरचा | दुपारी १२:०८

दादा, तुमचा मुद्दा मान्य, पण क्रम चुकतोय. आधी परवानग्या काढायच्या. मग क्रोमची एक्स्टेन्शन्स बघायची, अनोळखी असतील ती काढायची. मग विंडोजच्या सेटिंग्जमधल्या ॲप्स अँड फीचर्समध्ये यादी तारखेप्रमाणे लावायची, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी काय आलं ते दिसतं. मग विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्याच व्हायरस शोधणाऱ्या सोयीतला ऑफलाइन स्कॅन. त्यात मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं, साधारण १५ मिनिटं लागतात, बाबांना आधी सांगून ठेवायचं. एवढं करून काही सापडलं तर फॉर्मॅटचा विचार.

सोलापुरी_बाराबंदी | १२:२०

चालेल. पण त्याही आधी फायली पेन ड्राइव्हवर. एकावर नाही, दोनांवर. २०१६ ची हार्ड डिस्क आहे, तिचा भरवसा मी माझ्या गिऱ्हाइकालाही देत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची तब्येत दिसते. निळं आलं तर ठीक. पिवळं 'कॉशन' आलं तर त्याच दिवशी डिस्क बदला.

वाईची_लेक | दुपारी ३:४०

पाटीवर क्लिक करू नका, हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच आहे. आमच्या घरची गोष्ट सांगते.

मागच्या वर्षी सासऱ्यांच्या लॅपटॉपवर असंच काहीतरी दाबलं गेलं आणि सगळी स्क्रीन निळी-लाल झाली. मोठ्याने भोंगा वाजायला लागला. एका बाईचा इंग्रजी आवाज सांगत होता, कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. माऊसचा बाण हलेना. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार आदबीने बोलला, 'सर, सर' करत. त्याने एक ॲप उतरवायला लावलं, त्यात दिसणारा नंबर विचारला, आणि मग बाण आपोआप फिरायला लागला. "तुमचे ४९९ रुपये परत करतो, बँकेचं पान उघडा," म्हणाला. ओटीपी आला तो सासऱ्यांनी वाचून दाखवला. ४८,००० गेले.

मी अर्ध्या तासाने घरी पोचले तेव्हा ते नुसते बसून होते. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी सगळं विचारून तक्रार नोंदवली. मग बँकेत कळवून खातं गोठवलं. लवकर फोन गेल्यामुळे ३१,००० पुढच्या खात्यात अडकवता आले, ते काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे नाही.

पैशाचं दुःख ओसरलं. पण सासऱ्यांनी त्यानंतर स्वतः विजेचं बिल भरणंसुद्धा सोडलं. "तूच बघ गं," म्हणतात. आधी सगळ्या गल्लीची बिलं तेच भरून द्यायचे. म्हणून ताई, तुमच्या बाबांचं 'राहू दे' वाचून मला भरून आलं.

नवीन_पनवेल | ३:५८

वाईची_लेक, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांची काही चूक नाही, ती माणसं दिवसभर हेच करतात.

मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. नंबर दिसला की समजायचं, खोटं आहे. आणि ती स्क्रीन अडकलेली नसते, फक्त पूर्ण स्क्रीनभर उघडलेली वेबसाइट असते. एस्केप कळ दाबून धरली की ती लहान होते. नाही झाली तर ऑल्ट आणि एफ४. तेही नाही जमलं तर बटण दाबून सरळ मशीन बंद करायचं, काही बिघडत नाही.

दवबिंदू | सायंकाळी ५:१२

पण मग लांबून मदत करायची कशी? मी बंगळूरला, आई नाशिकला. मी तिच्या मशीनवर एनीडेस्क, म्हणजे लांबून तिचं मशीन चालवायचं ॲप, टाकून ठेवलंय. ते काढू का?

नवीन_पनवेल | ५:३५

ॲप वाईट नाही, वापरणारा कोण हा प्रश्न आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने याच ॲपच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. सवय अशी लावा की आई स्वतःहून फोन करेल तेव्हाच जोडायचं. आणि आपण जोडलेलो असताना बँकेचं पान उघडायचं नाही, आपण लेक असलो तरी नाही. एकदा 'मुलगी जोडते तेव्हा बँक उघडतात' असं डोक्यात बसलं की उद्या कुणीही 'मी तुमच्या मुलीच्या ऑफिसातून बोलतोय' म्हणेल.

विंडोजमध्ये क्विक असिस्ट नावाची सोय मुळातच असते. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबलं की उघडते. मदत करणाऱ्याने कोड काढायचा, फोनवर सांगायचा, समोरच्याने तो टाकून परवानगी द्यायची. कोड थोड्याच वेळात मरतो. कायमचं दार उघडं राहत नाही, म्हणून मला ती बरी वाटते.

तांबडी_माती | रात्री ८:५०

विंडोज १० चं कोणी बोललंच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला हे खरं. पण संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबतं. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची योजना आहे. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटीत गेलं की 'एनरोल नाऊ' दिसतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. मशीनवर २२एच२ ही आवृत्ती हवी.

विंडोज ११ मात्र या मशीनवर रीतसर चढणार नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. २०१६ च्या मशीनमध्ये तो असणं शक्य नाही.

मांडवीतीर | ९:२५

मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाका की! गोव्यात पणजीला आमच्या घरात १२ वर्षं जुना लॅपटॉप त्याच्यावर छान चाललाय. मोफत, हलकं, दिसायला विंडोजसारखंच. आई त्यावर बातम्या वाचते, भजनं ऐकते, रेसिपी बघते.

सोलापुरी_बाराबंदी | ९:४०

७६ व्या वर्षी बाबांना नवीन घर नको. सगळी बटणं हलतील. त्यापेक्षा एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, टाका. सहा मिनिटं सुरू व्हायला लागतात ती अर्ध्या मिनिटावर येतील. अलीकडे एसएसडी आणि रॅम दोन्हीचे भाव चढलेत, दोन ठिकाणी विचारून घ्या. २५६ जीबी पुष्कळ झालं. जुनी डिस्क जशी आहे तशी नव्यावर उतरवून देता येते, फॉर्मॅटची गरज नाही. बघा, आता मीच फॉर्मॅट नको म्हणतोय.

मांडवीतीर | ९:५२

माझी आई ७१ ची आहे, तिला नवीन घर आवडलं. पण बरोबर आहे, ज्याचं घर त्यालाच विचारायला हवं.

शाईपेन | १०:३३

थांबा, थांबा. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न राहिलाय. ताई, बाबा मराठी कुठल्या फाँटमध्ये टंकतात?

कृष्णाकाठची | १०:५०

ते मला कसं कळेल? मला ईमेलवर एक प्रकरण पाठवलं होतं त्यांनी. माझ्या लॅपटॉपवर उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि टोपीवाली चिन्हं. मला वाटलं फाइल खराब झाली. बाबा म्हणाले, माझ्याकडे तर नीट दिसतंय.

शाईपेन | ११:१८

मला हीच भीती होती. मी छापखान्यात आणि नंतर डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्यात, २२ वर्षं काढली, म्हणून विचारलं.

बाबा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकताहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. या फाँटची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी नसतंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात, आणि फाँट त्या क्रमांकाच्या जागी मराठी आकार दाखवतो. फाँट काढला की फक्त इंग्रजी अक्षरं उरतात. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती, त्यामुळे एका कंपनीचा फाँट दुसरीच्या मजकुराला चालत नाही. मराठी टंकणाऱ्यांच्या एका सबंध पिढीचा मजकूर असा अडकून पडलाय. संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, लोकांचे वंशवृक्ष.

आता विचार करा, त्या दुरुस्तीवाल्यांनी फॉर्मॅट मारला असता तर काय झालं असतं. फायली त्यांनी भले काढून दिल्या असत्या, पण फाँट गेला असता. बाबांनी फाइल उघडली असती तर समोर चार वर्षांचा चिखल. आणि त्यांना वाटलं असतं की व्हायरसने खाल्लं.

म्हणून शनिवारी गेल्यावर पहिलं काम हे. विंडोजच्या फोल्डरमध्ये फाँट्स नावाचं फोल्डर असतं, त्यातून तो फाँट उचलून पेन ड्राइव्हवर ठेवा. मग प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट बहुतेक वेळा आत बसतो, त्यामुळे ती कुठेही नीट दिसते. तुमच्या फोनवर उघडून खात्री करा. हे झालं की मजकूर सुरक्षित. मग काय हवं ते करा.

सोलापुरी_बाराबंदी | ११:३०

शाईपेन, कान पकडतो. मी मशीन फॉर्मॅट करताना फोटो विचारतो, टॅली विचारतो, फाँट आजवर कुणाला विचारला नव्हता. उद्यापासून विचारणार.

शाईपेन | ११:३४

तुम्ही विचारलंत तर सोलापुरातली कितीतरी हस्तलिखितं वाचतील. मनापासून सांगतोय.

दुपारची_झोप | मंगळवार, १३ जानेवारी, दुपारी १:१०

थोडं विषयांतर, पण कॉम्प्युटरचे जाणकार इथे जमलेतच तर विचारते. आमच्याकडे हॉलमध्ये वायफाय उत्तम, मागच्या खोलीत अजिबात नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, प्लॅन वाढवा.

तांबडी_माती | १:४४

प्लॅन वाढवून भिंत पातळ होत नाही. राउटर कुठे आहे?

दुपारची_झोप | १:५२

टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या शेजारी. आईने त्याच्यावर क्रोशाचं आवरण घातलंय, धूळ बसू नये म्हणून. फार सुंदर विणलंय.

तांबडी_माती | २:१५

आवरण टीव्हीच्या रिमोटला घाला, राउटरला हवा लागते, तो तापतो. कपाटापासून लांब, उंचावर, घराच्या मध्याकडे न्या. धातू लहरी अडवतो, जाड भिंतीही अडवतात. राउटरची दोन नावं दिसत असतील तर मागच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचं धरा, ते सावकाश पण लांब पोचतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. आणि फायबर असेल तर लाल 'लॉस' दिवा लागला की राउटर बंद-चालू करत बसू नका, बाहेरच्या तारेतच प्रकाश येत नाहीये, सरळ तक्रार नोंदवा.

दुपारची_झोप | रात्री ८:०५

कपाटाशेजारून फळीवर नेलं, मागच्या खोलीत दोन दांड्या आल्या! आवरण आता टोस्टरला.

मधुमालती | ८:२०

मीही परवानग्यांची यादी बघितली. नऊ साइट निघाल्या, सगळ्या ब्लॉक केल्या. महिनाभर मी मशीनला घाबरत होते. बरं, पासवर्ड वहीत लिहिलेले चालतात का? मुलगा रागावतो.

नवीन_पनवेल | ८:४१

चालत नाहीत. वही चोरीला गेली तर?

वाईची_लेक | ८:५५

मला नाही पटत. चोर घरात शिरून वही शोधणार नाही, तो लांब कुठेतरी बसलेला असतो. वही नको म्हटलं की माणसं सगळीकडे नातवाचं नाव आणि जन्मवर्ष ठेवतात, ते जास्त वाईट. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, वही कपाटात दागिन्यांबरोबर. फक्त बँकेचा पिन त्यात नको.

नवीन_पनवेल | ९:१०

हं. ज्येष्ठांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. पण ईमेलला जोडलेला फोन नंबर चालू आहे ना, हे मात्र बघाच. जुना नंबर बंद पडला आणि पासवर्ड विसरला की खातं परत मिळवणं फार अवघड होतं.

कृष्णाकाठची | रविवार, १८ जानेवारी, सकाळी ७:३०

मंडळी, काल सांगलीला आले. सगळं सविस्तर लिहिते, तुमच्यामुळेच झालंय.

भावाने फोनवर सांगितलं होतं, 'तू पटापट करून टाक, बाबांना शिकवत बसू नकोस.' मी माऊसला हात लावायचा नाही असं ठरवूनच आले होते. बाबा खुर्चीवर, मी शेजारी स्टुलावर. बाबांनी वही काढली, वर तारीख घातली, समास आखला.

आधी फाँट आणि फायली. दोन पेन ड्राइव्ह घेतले. ६४ फायली निघाल्या. पीडीएफ करून एकेक माझ्या फोनवर उघडून बघितली. पहिलं प्रकरण फोनवर मराठीत दिसलं तेव्हा बाबांनी फोन हातातून घेतला आणि दोन पानं मोठ्याने वाचली. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

मग परवानग्यांची यादी. ११ साइट होत्या. बाबांनी एक नाव ओळखलं. डिसेंबरात पंचांगाची पीडीएफ शोधत होते, तेव्हा 'रोबो नाही हे सिद्ध करा' आलं होतं. "मला वाटलं, विचारतायत तर सांगायला हवं," म्हणाले. मग थोडा वेळ यादीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ही परवानगी मी दिली होती. आणि दिलेली परवानगी मला काढूनही घेता येते." एकेक नाव मोठ्याने वाचत त्यांनीच अकराही ब्लॉक केल्या, वर्गात नावं वहीतून कमी करावीत तशा. काल दुपारपासून एकही पाटी आलेली नाही.

एक्स्टेन्शन अनोळखी एक होतं, काढलं. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही निघालं नाही. पण डिस्कची तब्येत पिवळी आली. सोलापूरचे दादा, तुमचे शब्द आठवले. सांगलीतून एसएसडी आणली, बसवून जुनं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मशीन आता २५ सेकंदांत सुरू होतं. बाबा पहिल्यांदा सवयीने चहा आणायला उठले, वळून बघतात तर स्क्रीन तयार. वाढीव अपडेटची नोंदणीही झाली.

सोलापुरी_बाराबंदी | सकाळी ९:०५

वाचून सिद्धेश्वराच्या यात्रेइतका आनंद झाला. पिवळी डिस्क फेकू नका, कागदात गुंडाळून तारीख घालून ठेवा. तिसरी प्रत म्हणून राहू दे.

वाईची_लेक | ९:३०

'काढूनही घेता येते' हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, माझ्या लॅपटॉपची यादी बघू. आत्ता बसलोय आम्ही.

शाईपेन | १०:१५

ताई, आता युनिकोडचं बघू. जुन्या मजकुराचं रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण घाई नको. पहिली वेलांटी आणि रफार यांच्यात ती हमखास चुकतात, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची असे. एक प्रकरण करून बाबांनाच तपासायला द्या, त्यांच्यासारखा मुद्रितशोधक मिळणार नाही. नवं लिखाण मात्र आजपासून युनिकोडमध्ये. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडलं की दोन कीबोर्ड मिळतात, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज आणि स्पेस.

कृष्णाकाठची | दुपारी ४:२०

दोन्ही दाखवले. मला वाटलं बाबा फोनेटिक घेतील, सोपं म्हणून. तर म्हणाले, "मराठी लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंग का करायचं?" इनस्क्रिप्टचा तक्ता स्क्रीनवर उघडून ठेवला, विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून. पाच मिनिटं नुसते बघत होते. मग पेन्सिलीने दाखवायला लागले: डाव्या हाताला सगळे स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. पहिल्या वेलांटीच्या बरोबर डोक्यावर दुसरी वेलांटी, पहिल्या उकाराच्या डोक्यावर दुसरा उकार. क च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ख. "हा कीबोर्ड करणाऱ्याला बाराखडी येत होती," म्हणाले. इतकं खूश मी त्यांना शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

एक अडलंय. बाबा विचारतात, 'वाऱ्या' मधला तो अर्धा र कुठे आहे? साधा र जोडला की डोक्यावर रफार येतो, 'वार्या' होतं. ते त्यांना चालत नाही.

शाईपेन | ४:३८

चालूच नये! शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येईल. मग डी, तो पाय मोडतो. मग स्लॅशच्या कळीवर य आहे. झालं.

कृष्णाकाठची | ४:५५

आलं. बाबांनी लगेच ओळभर लिहून काढलं: वाऱ्या, दुसऱ्या, सुपाऱ्या, पायऱ्या, दऱ्या, शेतकऱ्यांच्या. आता मला म्हणतात, तू ऊठ, मला पुराचं प्रकरण पुढे न्यायचंय.